उतारूंची विमाने

वर्गात एका मुलाने विचारले, "गुरुजी, लढाईत उतारूंच्या विमानांचे काय काम?"

मी त्याला २७ ऑक्टोबर १९४७ ची हकीकत सांगितली. त्या सकाळी दिल्लीहून डाकोटा विमाने श्रीनगरकडे निघाली. वायुदलाची विमाने पुरेनात, तेव्हा नागरी कंपन्यांची विमाने, वैमानिकांसह, कामाला लावली गेली. आत शीख पलटणीचे जवान होते. त्यांचे अधिकारी लेफ्टनंट कर्नल रणजित राय त्याच दिवशी बारामुल्ल्याच्या बाजूला पडले. पण श्रीनगर वाचले. पुढे १९५२ साली राखीव व साहाय्यक वायुदलांचा कायदाच झाला.

आणि आपल्याकडे? वसमत तेव्हा निजामाच्या परभणी जिल्ह्यात. १९४८ साली सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रातोरात निजामासाठी शस्त्रे आणवीत होता. माझी आजी सांगे, आकाशात घरघर झाली की घरोघर दिवे मालवीत. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला, आणि त्या दिवाळीत आजीने अंगणभर पणत्या मांडल्या.

मुलाला मी एवढेच म्हणालो, "बाळ, विमान कोणाचे ते विचारू नये, त्याच्या पोटात काय आहे ते विचारावे."