मंगेशकर, दीनानाथ

(२९ डिसेंबर १९००–२४ एप्रिल १९४२). मराठी संगीत रंगभूमीवरील गायक-नट व नाटक मंडळीचे चालक. जन्म पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात, मंगेशी येथे. कारकीर्द मात्र घडली ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात. गाण्याची तालीम बाबा माशेलकर व पुढे रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे. किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडून १९१८ मध्ये त्यांनी चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बळवंत संगीत मंडळी काढली. गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मधील लतिका ही त्यांची गाजलेली स्त्रीभूमिका.

१८७६च्या नाट्यप्रयोग कायद्यानुसार, राजद्रोहाचा वास येताच सरकार प्रयोग बंद पाडू शकत असे. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१०मध्ये आलेली बंदी नाटकवाले विसरले नव्हते. तरीही दीनानाथांनी १९२७मध्ये वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभी’ आणि १९३१मध्ये सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ रंगमंचावर आणले. वामनराव तुरुंगवास सोसून आलेले. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध, राजकारणाची मनाई असलेले. ‘संन्यस्त खड्ग’मध्ये बुद्धाच्या उपदेशाने शस्त्र खाली ठेवलेला शाक्य सेनापती विक्रमसिंह स्वदेशावर आक्रमण होताच ते पुन्हा उचलतो. हा रोख कोणाकडे आहे, हे प्रेक्षकांना सांगावे लागत नव्हते. अशा लेखकाचे नाटक करणे म्हणजे आपल्याबरोबर साऱ्या बिऱ्हाडाची भाकरी पणाला लावणे. दीनानाथांच्या चपळ, आक्रमक, पंजाबी ढंगाच्या तानांचे कौतुक पुष्कळ झाले. या धैर्याचे त्या मानाने फार कमी.

परक्या सत्तेखालचे नटाचे जिणे सगळीकडे सारखे नव्हते. सोव्हिएत एस्टोनियातील युरी यार्वेट यांनी दिग्दर्शक कोझिंत्सेव्हच्या १९७१च्या चित्रपटात लिअर राजा उभा केला. रशियन संवाद मात्र त्यांच्या तोंडी दुसऱ्याच नटाच्या, झिनोव्ही गेर्टच्या, आवाजात ऐकू आले. दीनानाथांचा आवाज कोणी काढून घेतला नाही. पण सोव्हिएत नटासारखा सरकारचा आधारही नव्हता; मंडळीचे पोट तिकीटविक्रीवर चाले.

बोलपटांनी तेच उत्पन्न आटवले. मंडळीने स्वतः चित्रपटनिर्मितीत उडी घेतली, ‘कृष्णार्जुन युद्ध’ (१९३४) काढला आणि ती कर्जात बुडाली. अखेरची वर्षे आजारपणात व ओढग्रस्तीत गेली. पुण्यात निधन झाले तेव्हा दीनानाथ अवघे एकेचाळीस वर्षांचे होते. थोरली मुलगी लता बारा वर्षांची. मंडळीच्या भरभराटीची व मोडण्याची हकीकत कोल्हटकरांच्या ‘बहुरूपी’ या आत्मचरित्रात आली आहे.