न भेटलेली मित्रमंडळी

मित्रांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पैसे उसने नेणारे आणि पुस्तके उसनी नेणारे. पहिल्या वर्गातले निदान काही दिवस रस्त्यात तोंड चुकवतात. दुसऱ्या वर्गातल्यांना तेवढीही लाज नसते. आपल्याच पुस्तकातला मजकूर ते आपल्यालाच रंगवून सांगतात आणि वर म्हणतात, "वाचलं नाहीत का हे? देईन कधीतरी." 'स्मृतिचित्रे' मी आजवर तीनदा विकत घेतले आहे आणि सध्या ते माझ्याकडे नाही.

म्हणून मला तिसऱ्या वर्गातले मित्र फार प्रिय आहेत. हे लोक परगावी राहतात, पुस्तकांवर बोलतात, गोष्टी सांगतात, बरेचसे पेशाने मास्तर असतात आणि मुख्य म्हणजे त्यांचा हात आपल्या कपाटापर्यंत पोचत नाही. पूर्वी ते पत्राने भेटत, हल्ली मोबाइलवर भेटतात. आमच्या घरात मात्र या वर्गाला मान्यता नाही. "ज्या माणसाचं तोंड कधी पाहिलं नाही, तो मित्र कसा?" हा प्रश्न आमच्याकडे इतक्यांदा विचारला गेला आहे, की तो परीक्षेत असता तर मुलांनी पाठच करून टाकला असता. मी तीस वर्षे शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. त्यामुळे घरगुती वादातही मी सनावळीवर जातो. आता गेलोच आहे, तर तुम्हीही चला.

मराठीत गोष्टींची पुस्तके छापायला सुरुवात झाली ती पुण्यात नाही नि मुंबईतही नाही. 'सिंहासनबत्तिशी' 1814 साली मोडी अक्षरांत छापली गेली ती बंगालमधल्या श्रीरामपूरला, विल्यम कॅरे या मिशनऱ्याच्या छापखान्यात. (हे श्रीरामपूर ध्यानात ठेवा. पुढे प्रश्न येणार आहे.) मग 1828 साली सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी 'इसापनीती' आणि 'बालमित्र' ही पुस्तके मराठीत आणली. 'बालमित्र' मूळचे बेर्कँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाचे. फ्रेंचातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत असा प्रवास करून ते आपल्या पोरांच्या हाती पडले. तो काळ छडीचा होता. तरी मुलांसाठी काढलेल्या पुस्तकाचे नाव 'बालगुरू' किंवा 'बालशासन' नव्हते, 'बालमित्र' होते. तेव्हापासून मराठी छापखान्याला या शब्दाचे जरा वेडच लागलेले दिसते. पुण्यात 1844 साली वृत्तपत्र निघाले, त्याचे नाव 'मित्रोदय'. 1895 साली 'मनोरंजन' मासिक सुरू करणारे काशीनाथ रघुनाथ आजगावकर यांनी तर कमालच केली. बंगाली साहित्याच्या प्रेमापायी त्यांनी आडनावच 'मित्र' असे करून घेतले. वर्गणीदाराला पत्र लिहिताना खाली सही 'मित्र'! एवढ्यावर वर्गणी बुडवायची म्हणजे माणूस फारच निगरगट्ट हवा.

पण छापलेला मित्र एकतर्फी बोलतो. त्याला उलट उत्तर करायचे तर टपाल लागते. ती सोय 1 ऑक्टोबर 1854 पासून झाली. पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अर्ध्या आण्यात देशात कुठेही जाऊ लागले. अंतर कितीही असो, दर तोच. म्हणजे शनिवारातून नारायण पेठेत आणि पुण्यातून पेशावरला एकाच भावात. पुढे 1 जुलै 1879 ला एका पैशाचे पोस्टकार्ड निघाले आणि गरिबालाही परगावी मित्र बाळगणे परवडू लागले. कार्डाचा दोष एकच, की ते पोस्टमनपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे वाचतात. पण गावाकडे तो गुण समजला जात असे.

या टपालखात्यातच एक विलक्षण गृहस्थ नोकरीला होते. गोपाळराव जोशी. बायकोला शिकवायचे, हा त्यांचा ध्यास. शिकवण्याची रीत त्या काळाच्या मानानेही जहाल होती. अभ्यास चुकला तर मार मिळे, प्रसंगी पुस्तकही अंगावर येई. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी त्यांना याची आठवण करून दिली आहे. पुस्तकावर प्रेम करण्याचे अनेक मार्ग असले, तरी हा त्यांतला नव्हे, असे एक मास्तर म्हणून मला नमूद केले पाहिजे.

बायकोला अमेरिकेत शिकवता येईल का, अशी विचारणा करणारे पत्र गोपाळरावांनी कोल्हापूरहून एका मिशनऱ्याला लिहिले. ते पत्र अमेरिकेतल्या मिशनऱ्यांच्या मासिकात छापून आले. सोबत उत्तरही छापले होते, त्यात धर्म बदलण्याचा सल्ला होता. तेवढ्यावर प्रकरण मिटायचे. पण 1880 साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे गेल्या आणि नंबर लागेपर्यंत त्यांनी तिथला अंक चाळला. दातांच्या दवाखान्यात जुनी मासिके ठेवण्याच्या पद्धतीला माणसे हसतात. त्यांनी यापुढे हसू नये. त्या डॉक्टरने बाईंना लगेच आत बोलावले असते, तर हिंदुस्थानचा इतिहास निराळा झाला असता.

बाईंनी पत्र लिहिले, इकडून उत्तर गेले. एकीकडे अमेरिकेतली संसारी बाई, दुसरीकडे पंधरा वर्षांची कल्याणची मुलगी. ओळख ना पाळख, धर्म निराळा, भाषा निराळी. पण पत्रे जात-येत राहिली. चालीरीती, सणवार, वाचलेले, मनात सलणारे, सगळे त्यांत येऊ लागले आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. गोपाळरावांची बदली होत होत ते अखेर श्रीरामपूरच्या टपाल कचेरीत पोचले. होय, तेच श्रीरामपूर! जिथे मराठी गोष्टी छापल्या गेल्या, तिथल्याच कॉलेजच्या सभागृहात फेब्रुवारी 1883 मध्ये आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण करून आपण अमेरिकेला का जातो ते लोकांना सांगितले. 7 एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्यांना उतरवून घ्यायला मावशी उभी होती. तोवर दोघींची प्रत्यक्ष भेट एकदाही झालेली नव्हती.

11 मार्च 1886 ला फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या, बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांची रक्षा अमेरिकेला पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. एका पत्रापासून सुरू झालेली मैत्री घरच्या माणसांच्या ओळीत जाऊन बसली. हा दाखला दिल्यावर आमच्या घरातला प्रश्न दोन महिने बंद होता.

दुसरा दाखला घरच्यांच्याही आवडीचा. साने गुरुजी 1924 पासून अमळनेरच्या शाळेत शिकवत होते आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे दैनिक हाताने लिहून काढत. दैनिक, बरं का! आमच्या शाळेचे हस्तलिखित वर्षातून एकदा निघे, तेही संपादक शिक्षकांना दोनदा आठवण केल्यावर. पुढे 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, तेव्हा ते शब्द टिपून घेणारे गुरुजीच. आणि 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. भिंतीआड बसून सांगितलेल्या त्या गोष्टी किती घरांत वाचल्या गेल्या आणि किती माणसे त्यांवर रडली, त्याला गणती नाही. त्यांतल्या बहुतेकांनी गुरुजींना पाहिलेले नाही. तरी 'तुमचे नि त्यांचे नाते काय?' असे त्यांना विचारून पाहा.

तिसरा दाखला जी. ए. कुलकर्णींचा. धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारा हा माणूस सभा, सत्कार आणि व्यासपीठ यांपासून चार हात दूर राहिला. पण कागद पुढे आला की हात मोकळा सुटे. सुनीता देशपांड्यांशी त्यांची मैत्री प्रामुख्याने टपालातून फुलली. जी. एंची निवडक पत्रे चार खंडांत निघाली आणि सुनीताबाईंची 2003 साली 'प्रिय जी. ए.' या नावाने. जो माणूस समोरासमोर बोलायचे टाळतो, त्याची पत्रे चार खंड भरतात. याउलट आमचे काही शेजारी समोरासमोर रोज बोलतात. त्यातला एक परिच्छेद छापायचा झाला तरी कठीण.

आता या थोरांच्या शेपटाला माझा स्वतःचा मित्र बांधतो. इंदूरला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात ते कारकून होते. एका साप्ताहिकाच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात मी चिऊ-काऊच्या गोष्टीवर लिहिले होते. माझ्या आजीच्या गोष्टीत काऊचे घर पावसात वाहून जाते, तो चिऊच्या दारी येतो, चिऊ त्याला बराच वेळ ताटकळत ठेवते आणि शेवटी आत घेते. तो नेमका तापलेल्या तव्यावर बसतो, चटका बसतो आणि उडून जातो. चटक्याशिवाय गोष्टीला तात्पर्य राहत नाही, असे माझे मास्तरी मत. त्यावर इंदूरहून थेट माझ्या पत्त्यावर कार्ड आले. 'आमच्या आजीच्या गोष्टीत तवा नाही. काऊ रात्रभर राहतो, सकाळी दोघे मिळून त्याचे घर बांधतात. भिजलेल्याला दार उघडायचे आणि मग भाजायचे, ही कुठली गोष्ट?'

या तव्यावर आम्ही बावीस वर्षे भांडलो. मधूनमधून पुस्तकांवर बोललो, मुलांना गोष्ट कशी सांगावी यावर वाद घातले, एकमेकांची दुखणीखुपणी विचारली. ते इकडे यायचे दोनदा ठरले, मी तिकडे जायचे चारदा. भेट राहिली ती राहिलीच. एके दिवशी त्यांच्या मुलीचे पत्र आले. अक्षर अनोळखी पाहूनच मी समजलो. 'बाबा तुमची पत्रं दर रविवारी आम्हा सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवत. आम्ही तुम्हाला पाहिलं नाही, पण तुमच्या घरातलं सगळं आम्हाला ठाऊक आहे.' सगळे म्हणजे काय काय, या विचाराने मला दरदरून घाम फुटला. कारण त्या पत्रांतून मी आमच्या घरच्या वरणावरही लिहिले होते.

ते पत्र मी घरात वाचून दाखवले, वरणाचा उल्लेख वगळून. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आतून आवाज आला, "आधी त्या मुलीला उत्तर लिहा."

उत्तर गेले. मुलीचा मुलगा आता सात वर्षांचा आहे. त्याला मराठी समजते, वाचता फारसे येत नाही. म्हणून दर रविवारी सकाळी मी फोनवर त्याला गोष्ट सांगतो आणि तो पलीकडून शंका विचारतो. पहिल्याच रविवारी त्याने चिऊ-काऊची मागितली. काऊ भिजत दाराशी येईपर्यंत गोष्ट ठीक चालली होती. मग मी जरा थांबलो.

"मग? आत घेतलं का त्याला?" पोराने विचारले.

"घेतलं," मी म्हटले, "आणि सकाळी दोघांनी मिळून नवं घर बांधायला घेतलं." तवा मी काढून टाकला.

"शेणाचंच?" तो म्हणाला. "मग परत वाहून जाईल की!"

बावीस वर्षांत हा मुद्दा आम्हा दोघांनाही सुचला नव्हता. पुढच्या रविवारपर्यंत विचार करून सांगतो, असे मी त्याला कबूल केले आहे.