परावलंबी वृद्धांची देखभाल

वय, आजार किंवा स्मृतिभ्रंश यांमुळे स्वतःच्या घरात एकट्याने, किंवा तितक्याच थकलेल्या जोडीदारासोबत, सुरक्षितपणे राहणे ज्यांना शक्य उरलेले नाही अशा वडीलधाऱ्यांना कुटुंबाने, शेजाऱ्यांनी, पगारी सेवकांनी आणि शासनाने द्यावयाचा आधार. आजारपणातील शुश्रूषेपेक्षा ही देखभाल वेगळी असते. शुश्रूषेला बहुधा मुदत असते, रोगी बरा होतो आणि घर पूर्वपदावर येते. देखभाल मात्र वर्षानुवर्षे चालते आणि तिची गरज कमी न होता वाढतच जाते. हे सुरुवातीलाच ध्यानात न घेतल्यामुळे अनेक कुटुंबे पहिल्या सहा महिन्यांत सारी ताकद आणि शिल्लक खर्ची घालतात आणि पुढच्या काळासाठी हाताशी काही उरत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के, गोव्यात ११.२ टक्के आणि सर्वाधिक, म्हणजे १२.६ टक्के, केरळात होते. महाराष्ट्रात या प्रश्नाची रूपे प्रदेशागणिक बदलतात. कोकणात चाकरमानी मुले मुंबईत आणि म्हातारी माणसे गावच्या घरात, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत मुले परदेशी गेलेली जोडपी राहतात. त्यांच्याकडे पैसा असतो, पण रात्री दोन वाजता हाकेला येणारे माणूस नसते. ऊसतोडीसाठी किंवा मजुरीसाठी तरुण माणसे महिनोन्‌महिने बाहेर असणाऱ्या गावांत पैसा आणि माणूस दोन्हींची वानवा असते.

घरात राहणे असुरक्षित झाल्याची चिन्हे एकदम दिसत नाहीत. दूध वारंवार उतू जाते किंवा पातेले करपते. विजेचे बिल भरायचे राहते, एकच भाजी तीनदा आणली जाते, फ्रिजमध्ये शिळे अन्न साठते. अंगावर कुठे लागल्याची काळी-निळी खूण दिसते आणि ती कशाची हे सांगता येत नाही. कपडे सैल होऊ लागतात. रोजच्या वाटेवर माणूस चुकतो. फोनवर बोलताना यातले काहीच कळत नाही, कारण ‘माझं उत्तम चाललंय’ असे सांगण्याची सवय बहुतेक वडीलधाऱ्यांना असते. लांब राहणाऱ्या मुलांनी म्हणून शेजारी, वाणी, दूधवाला आणि कामाला येणाऱ्या बाई यांच्याशी बोलणे ठेवावे. खरी स्थिती त्यांनाच ठाऊक असते.

किती मदत लागेल हे वयावरून किंवा आजाराच्या नावावरून ठरत नाही. कोणती कामे स्वतःला जमतात यावरून ठरते. अमेरिकी वैद्य सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेली मोजपट्टी आजही जगभर वापरली जाते. तीत सहा कृती आहेत : अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि हाताने जेवणे. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी तिला फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे आणि पैशाचे व्यवहार यांची जोड दिली. ही दुसऱ्या यादीतली कामे आधी सुटतात, शरीराशी निगडित कामे नंतर. पैसे आणि औषधे यांत गोंधळ होऊ लागला, की पुढच्या टप्प्याची तयारी सुरू करण्याची ती वेळ असते. मराठी घरांत मात्र इथे एक अडचण येते. पुरुषाने कधी स्वयंपाक केलेला नसतो आणि पुष्कळ बायकांनी बँकेचे व्यवहार केलेले नसतात. त्यामुळे जोडीदार गेल्यावर प्रथमच दिसणारी असमर्थता ही क्षीणता आहे की सवयीचा अभाव, हे तपासून घ्यावे लागते.

बदल दोन-चार दिवसांत अचानक झाला असेल तर तो वार्धक्याच्या खाती टाकू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, सोडियम कमी होणे, पाणी कमी पिणे, नवीन सुरू झालेली झोपेची गोळी किंवा बद्धकोष्ठ यांमुळेही वृद्ध माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागते आणि उपचारानंतर पूर्ववत होते. थायरॉईडचे विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, खिन्नता, ऐकू न येणे आणि मोतीबिंदू यांनीही माणूस ‘संपला’ असे वाटते. घर बदलण्याचा किंवा माणूस ठेवण्याचा निर्णय या तपासण्यांनंतर घ्यावा.

घरातील अपघातांत पडणे सर्वांत घातक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ६५ वर्षांवरील २८ ते ३५ टक्के लोक दरवर्षी एकदा तरी पडतात. खुब्याचे हाड मोडले की अनेकांचे स्वतंत्र जगणे तिथेच संपते. बहुतेक मराठी घरांत धोक्याची जागा न्हाणीघर ही असते. गुळगुळीत फरशी, त्यावर साबणाचे पाणी, आत जाताना तीन-चार इंचांचा उंबरा, बसायला बुटका पाट आणि उठताना आधाराला नळ किंवा टॉवेलची दांडी. या दोन्ही गोष्टी माणसाचा भार पेलण्यासाठी बसवलेल्याच नसतात. उपाय फार खर्चाचे नाहीत. भिंतीत पक्के रोवलेले आधाराचे दांडे, खरखरीत फरशी किंवा रबरी जाळी, पाटाऐवजी हाताची प्लॅस्टिक खुर्ची, भारतीय संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची, आणि बाहेरूनही उघडेल अशी कडी. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवावा. सतरंज्या, पायपुसणी आणि मोकळ्या वायरी उचलून टाकाव्यात. पलंगाची उंची अशी असावी, की कडेवर बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील. हे सारे पहिल्यांदा पडण्याच्या आधी करायचे असते. बहुतेक घरांत ते नंतर होते.

औषधांचा गोंधळ हा दुसरा धोका. रक्तदाबाचे, मधुमेहाचे आणि हाडांचे डॉक्टर वेगवेगळे असतात. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या दोन चिठ्ठ्यांवर येतात आणि दोन्ही घेतल्या जातात. सर्व गोळ्या एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे रिकाम्या कराव्यात, अनावश्यक औषधे बंद करून घ्यावीत आणि आठवड्याच्या खणांची डबी भरून ठेवावी. डबी भरणारी व्यक्ती एकच असावी.

शहरांत पगारी मदत ‘ब्यूरो’मार्फत मिळते. स्त्री-सेविकेला मावशी आणि पुरुष-सेवकाला मामा म्हणण्याचा प्रघात आहे. काम बारा किंवा चोवीस तासांचे असते. यांतील बहुतेकांना औपचारिक प्रशिक्षण नसते, आणि परिचारिका म्हणून पाठवलेली व्यक्ती नोंदणीकृत असेलच असे नाही. इंजेक्शन, नाकातील नळी किंवा लघवीची नळी यांची कामे त्यांच्यावर सोपवण्यापूर्वी ही खात्री करावी. ओळखपत्राची प्रत व पोलीस पडताळणी, कामांची लेखी यादी, आठवड्याची सुट्टी आणि सुट्टीच्या दिवशी कोण येणार, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. चोवीस तास राहणाऱ्या बाईला सलग झोप मिळाली नाही तर ती देखभाल टिकत नाही. तिच्याशी घर कसे वागते यावर वृद्धाला मिळणारी वागणूक मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची देखभाल सर्वांत अवघड. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील ६० वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना, स्मृतिभ्रंश आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाने हा आजार मराठी प्रेक्षकांपुढे फार समंजसपणे मांडला. अशा व्यक्तीशी वाद घालून उपयोग नसतो. ‘आई गेली त्याला वीस वर्षं झाली’ हे दर वेळी सांगणे म्हणजे दर वेळी नव्याने दुःख देणे. विषय हळूच बदलणे बरे. सायंकाळी अस्वस्थता वाढते, म्हणून तिन्हीसांजेला दिवे लवकर लावावेत आणि गडबड टाळावी. खिशात नाव व फोन नंबरची चिठ्ठी असावी, गॅसचा मुख्य कॉक रात्री बंद करावा. भावंडांत आई-वडिलांची ‘वाटणी’ करण्याची, म्हणजे तीन महिने थोरल्याकडे आणि तीन महिने धाकट्याकडे ठेवण्याची पद्धत ओझे वाटून घेण्याच्या दृष्टीने रास्त दिसते. पण स्मृतिभ्रंशात ती अपायकारक ठरते. संडास कुठे आहे हे नुकतेच अंगवळणी पडलेले असताना घर बदलते आणि माणूस पुन्हा हरवते. वाटायचे असेल तर पैसे, रात्रीच्या पाळ्या आणि सुट्ट्या वाटाव्यात. माणूस एका जागी राहू द्यावे.

घरी राहणे अशक्य झाले की वृद्धाश्रमाचा विचार होतो. महाराष्ट्रात ही कल्पना नवी नाही. पुण्यातील डेव्हिड ससून अनाथ पंगु गृह, म्हणजेच ‘निवारा’, १८६३ पासून चालू आहे. तरीही वृद्धाश्रमात ठेवणे म्हणजे टाकून देणे ही समजूत खोलवर रुजलेली आहे. ती सरसकट खरी नाही. घरात दिवसभर कुलपाआड एकटे राहण्यापेक्षा चांगल्या संस्थेत माणसांत राहणे अधिक सुरक्षित, आणि पुष्कळदा अधिक आनंदाचेही असते. पण एक व्यावहारिक मेख कुटुंबांना उशिरा कळते : अनेक वृद्धाश्रम स्वतः चालू-फिरू शकणाऱ्यांनाच प्रवेश देतात आणि माणूस अंथरुणाला खिळल्यावर घरी न्यायला सांगतात. त्यामुळे रात्री कोण हजर असते, रुग्णालयात कोण नेते, अंथरुणाला खिळल्यावर काय होते आणि अनामत रक्कम केव्हा परत मिळते, हे लेखी विचारावे. आधी न कळवता दोनदा भेट द्यावी, त्यांतली एक जेवणाच्या वेळी. राहायला जाणाऱ्या व्यक्तीने जागा स्वतः पाहावी आणि तिची संमती असावी. ‘चार दिवस जाऊन येऊ’ असे फसवून नेणे अन्यायाचे आहे, आणि त्यातून उठलेला विश्वास परत बसत नाही.

कागदपत्रांचे काम बुद्धी शाबूत असतानाच करावे लागते. कुलमुखत्यारपत्र दिले की काम झाले, असा समज सर्वत्र आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमानुसार ते देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारी संपुष्टात येते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच तो कागद निकामी होतो. त्यानंतर पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागते. संयुक्त खाते, सर्व ठेवींवर नामनिर्देशन, दोन साक्षीदारांसह मृत्युपत्र आणि त्याला जोडून मानसिक स्थिती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला, ही तयारी वेळेत करावी. निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी नोव्हेंबरात द्यावयाचा हयातीचा दाखला २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’द्वारे डिजिटल पद्धतीने देता येतो. सत्तरीपुढील ग्राहकांना बँकेने घरपोच सेवा द्यावी असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये सांगितले आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. घरातील देखभालीचा खर्च मात्र त्यात येत नाही, आणि खरा खर्च तोच असतो.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाच्या २००७ च्या कायद्याने मुलगे, मुली व सज्ञान नातवंडांवर निर्वाहाची जबाबदारी टाकली आहे. निपुत्रिक व्यक्तीच्या बाबतीत ती तिची मालमत्ता मिळणाऱ्या नातलगावर येते. विवाहित मुलीवरही आई-वडिलांचा भार असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच स्पष्ट केले होते. महाराष्ट्रात अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांतांच्या, न्यायाधिकरणाकडे करतात. तो स्वतः किंवा अधिकार दिलेल्या व्यक्तीमार्फत करता येतो आणि त्याचा निकाल सामान्यतः ९० दिवसांत लागावा अशी तरतूद आहे. निर्वाहाची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. पूर्णवेळ सेवकाच्या आजच्या पगारापुढे ती तोकडी पडते. ज्येष्ठ नागरिकाला टाकून देणे हा तीन महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. कलम २३ सर्वांत महत्त्वाचे : सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट पाळली गेली नाही तर, परत मिळवता येते. ती अट प्रत्यक्ष असायला हवी असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले, म्हणून बक्षीसपत्रात ती स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) या नाटकातील अप्पा बेलवलकरांनी हयातीतच सर्व वाटून टाकले, तेव्हा असा कोणताच आधार नव्हता.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. टाच, खुबा आणि माकडहाड येथील न जाणारी लाली ही बेडसोरची पहिली खूण असते. या टप्प्यावर उपशामक सेवा, म्हणजे वेदना व त्रास कमी करणारी सेवा, उपयोगी पडते. कोझिकोड येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या कामातून केरळात गावोगावचे स्वयंसेवक आणि परिचारिका घरी जाऊन ही सेवा देऊ लागले, आणि २००८ मध्ये त्या राज्याने तिचे धोरण आखले. महाराष्ट्रात ही सोय अजून मुख्यतः मोठ्या शहरांपुरती आहे. कृत्रिम उपायांनी आयुष्य लांबवू नये अशी इच्छा असल्यास, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार आणि २०२३ मध्ये सुलभ केलेल्या पद्धतीने, ती दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे लिहून ठेवता येते.

या साऱ्याचा भार बहुतांश घरांत पत्नी, सून किंवा अविवाहित मुलगी यांच्यावर पडतो, आणि तो घरकाम म्हणून मोजलाच जात नाही. पाठदुखी, झोपेचा अभाव आणि खिन्नता हे देखभाल करणाऱ्यांचे नेहमीचे आजार आहेत. ज्या घरात देखभाल करणाऱ्या स्त्रीला आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी मिळत नाही, तिथली देखभाल वृद्धासाठीही सुरक्षित मानता येत नाही. ज्येष्ठ नागरिक संघ, डिग्निटी फाउंडेशन व हेल्पएज इंडिया यांसारख्या संस्था आणि स्मृतिभ्रंशग्रस्तांच्या कुटुंबीयांचे आधारगट या कामी मदत करतात. छळ, निवारा, निवृत्तिवेतन आणि कायदा यांविषयी माहितीसाठी १४५६७ ही राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत चालू असते. ती निःशुल्क आहे आणि शेजाऱ्यालाही वापरता येते.