बगदाद ते हलब : सायकलवरचा एक टप्पा

सायकल शर्यतीतला टप्पा म्हटला की आपण दोनच गोष्टी विचारतो. अंतर किती आणि वेळ किती? १ जुलै १९०३ रोजी ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत पहिल्यांदा सुरू झाली. पहिला टप्पा पॅरिस ते लियों, ४६७ किलोमीटरचा. मॉरिस गारँ या स्वाराने तो अठरा तासांच्या आत पार केला. एका वर्तमानपत्राचा खप वाढावा म्हणून भरवलेली ही शर्यत आज जगाला माहीत आहे.

त्यानंतर वीस वर्षांनी आपल्या मुंबईच्या मुलांनी केलेला टप्पा मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. पंजाब, बलुचिस्तान, इराण असे करत ते इराकमध्ये पोहोचले. पुढे बगदाद ते हलब हे वाळवंट होते. अंतर सुमारे ९५६ किलोमीटर, आणि त्याला लागले २३ दिवस. म्हणजे दिवसाला सरासरी ४१-४२ किलोमीटर. गारँने याच्या जवळजवळ निम्मे अंतर एका दिवसाच्या आत कापले होते.

म्हणून ही मुले कमी पडली का? गारँच्या चाकाखाली रस्ता होता, यांच्या चाकाखाली वाळू. तिथे वाटेत नावे नोंदवून घेणारे पंच होते. इथे वरून ऊन, आणि पुढचे पाणी कुठे मिळेल याची चिंता. शिवाय इराक इंग्रजांच्या ताब्यात, सीरिया फ्रेंचांच्या, आणि हे तरुण स्वतः गुलाम देशाचे. बक्षीस तर कुणी लावलेलेच नव्हते.

सहापैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे युरोप, अमेरिका, जपान, चीन करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतले. प्रवास सुमारे ७१,००० किलोमीटरचा झाला होता. ‘विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड’ हे त्यांचे पुस्तक १९३१ साली निघाले.

पालघरकरांना पारशी परके नाहीत. तारापूरला त्यांची जुनी अग्यारी आहे, आणि तारापोरवाला हे आडनाव याच गावाचे. दुसरीकडे आपल्या मुस्लिम घरांतल्या मुलांना बगदाद, शाम, हलब ही नावे लहानपणापासून ऐकून माहीत असतात. त्या वाटेवर मुंबईच्या सायकली गेल्या होत्या, एवढे मात्र त्यांना कुणी सांगत नाही. पारशांचा इतिहास पारशांनी सांगायचा आणि मुसलमानांचा मुसलमानांनी, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. त्यात दोघांचे नुकसान होते.

बोईसरला आजही कितीतरी कामगार शिफ्टसाठी सायकलने तारापूर एमआयडीसीत जातात. त्यांच्या मुलांना गारँ जरूर सांगावा. पण त्याच तासाला हकीम, बापासोला आणि भूमगारा ही नावेही फळ्यावर लिहावीत, आणि नकाशावर बगदाद ते हलब ही रेघ मुलांकडूनच ओढून घ्यावी.