सध्या भरात कोण?

इगा स्वियातेकचं गवतावर काही खरं नाही, हे महिला टेनिस बघणाऱ्या बहुतेकांचं ठाम मत होतं. त्यात २०२५ हे वर्ष तिला म्हणावं तसं गेलं नव्हतं. तोवर एकही विजेतेपद नाही, हक्काच्या पॅरिसमध्ये उपांत्य फेरीत सबालेंकाकडून हार, आणि विम्बल्डनला आठवं मानांकन. मग तिने अंतिम सामना ६-०, ६-० असा ५७ मिनिटांत संपवला. अमांडा अनिसिमोवाला एक गेमसुद्धा मिळाला नाही. एवढ्यावर वाद मिटावा की नाही? पण इगा भरात आली की अनिसिमोवा दडपणाखाली कोसळली, यावर नवी जुंपली. टेनिसचे शौकीन असे सहजासहजी ऐकत नसतात, आणि ही खोड आजची नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या क्लबांत ‘हँडिकॅप’ स्पर्धा होत. तगड्या खेळाडूने प्रत्येक गेम उणे पंधरापासून सुरू करायचा, कच्च्याला सुरुवातीलाच पंधरा गुण दान. कोणाला किती द्यायचे हे ठरवणारा एक गृहस्थ असे. फॉर्मचा पहिला अधिकृत निवाडा त्याचा. घोड्यांच्या शर्यतीत घोड्यावर किती वजन लादायचं हे ठरवणाऱ्याला जितक्या शिव्या पडत, तितक्या यालाही पडत असणार, कारण काम तेच होतं.

विम्बल्डनची तऱ्हा वेगळीच होती. १८८६ ते १९२१ या काळात गतविजेती आयती बसून राहायची. बाकीच्यांनी आपसात लढून एक जण निवडायची आणि तिने गतविजेतीला आव्हान द्यायचं. म्हणजे विजेतीचा फॉर्म कोणी बघितलेलाच नसे. १९१९ मध्ये याची कमाल झाली. महायुद्धामुळे चार वर्षं स्पर्धाच नव्हती, त्यामुळे डोरोथिया लँबर्ट चेंबर्स १९१४ च्या विजेतेपदावर बसून होत्या. वय चाळीस, सात वेळा विजेत्या, आणि खेळायचा एकच सामना. समोर वीस वर्षांची फ्रेंच मुलगी, सुझान लाँग्लें. १०-८, ४-६, ९-७. चेंबर्सबाईंना दोन मॅच पॉइंट मिळाले आणि दोन्ही हुकले. पाच वर्षांपूर्वीचा फॉर्म अजून किती धरायचा, याचं उत्तर त्या दोन चेंडूंवर येऊन थांबलं होतं.

पण ज्याला आपण आज फॉर्मवरचा वाद म्हणतो, तो खरा पेटला दोन वर्षांनी, अमेरिकेत. १९२१ मध्ये लाँग्लें फॉरेस्ट हिल्सला अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धा खेळायला गेली. समुद्रप्रवास करून नुकतीच उतरलेली, खोकला लागलेला. पहिल्या फेरीतली प्रतिस्पर्धी आलीच नाही, म्हणून सरावाचा सामनाही नाही. आणि दुसऱ्याच फेरीत गाठ पडली ती गतविजेती मोला मॅलरीशी! ड्रॉ तेव्हा चिठ्ठ्या टाकून निघायचा. दोन बलाढ्य खेळाडू पहिल्याच दिवशी एकमेकींवर आदळल्या तरी कोणी काही करू शकत नसे. लाँग्लेंने पहिला सेट २-६ गमावला, दुसऱ्यात दोन गुण गेल्यावर ती खोकत, रडत कोर्टाबाहेर गेली. प्रेक्षकांतून हुर्यो झाली. आजारी होती की हरायला लागल्यावर आजारी पडली? अमेरिकी पत्रकारांनी एक बाजू धरली, फ्रेंचांनी दुसरी. पुढच्या वर्षी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तिने मॅलरीला अर्ध्या तासाच्या आत ६-२, ६-० असं लोळवलं, तरी फॉरेस्ट हिल्सचा हिशेब काही जणांनी उघडाच ठेवला.

इथे एक गोष्ट डोळ्यांत खुपते. पुरुष हरला की त्याची सर्व्हिस बिघडली, पाय मंदावले, असं लिहिलं जाई. बाई हरली की तिच्या मनाचं काय झालं, याची चिकित्सा. लाँग्लेंच्या खोकल्यावर, सेटच्या मध्ये ती घोटभर ब्रँडी घेते यावर, तिच्या रडण्यावर रकानेच्या रकाने भरले. तिचा चेंडू किती अचूक पडतो हे त्यामानाने थोडक्यात आटपायचं. ही सवय पूर्णपणे गेली आहे असं मला वाटत नाही.

अमेरिकी टेनिस संघटनेने १९२२ मध्ये मानांकन स्वीकारलं, विम्बल्डनने १९२७ मध्ये. आता बलाढ्य खेळाडू ड्रॉमध्ये लांब लांब ठेवल्या जाऊ लागल्या. पण बलाढ्य कोण, हे ठरवायचं कोणी? समितीने. आणि समितीच्या डोक्यात ती मतं येत कुठून? बरीचशी वर्तमानपत्रांतून. लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’चे ए. वॉलिस मायर्स दरवर्षी जगातल्या पहिल्या दहांची यादी छापत. एका माणसाचं मत, पण ते दंडकासारखं चाले. त्यातून सर्वांत चविष्ट वाद लाँग्लें आणि अमेरिकेची हेलन विल्स यांचा. त्या एकेरीत एकदाच समोरासमोर आल्या, १६ फेब्रुवारी १९२६ रोजी, फ्रान्समधल्या कानमध्ये. आसपासची छपरं आणि झाडं माणसांनी लगडली होती. लाँग्लें ६-३, ८-६ अशी जिंकली. तेसुद्धा एकदा हस्तांदोलन होऊन सामना संपला असं सगळ्यांना वाटल्यावर. चेंडू बाहेर गेल्याची आरोळी लाइनमनने नव्हे, प्रेक्षकांतल्या कोणीतरी ठोकली होती, आणि खेळ पुन्हा सुरू करावा लागला. त्याच वर्षी लाँग्लें व्यावसायिक झाली आणि हौशी टेनिसचे दरवाजे तिला बंद झाले. दोघी पुन्हा कधीच खेळल्या नाहीत. वाद अमर व्हायला याहून जास्त काय लागतं?

इथवर यादी म्हणजे पत्रकारांचा शौक होता. खेळाडूंना ती पोटासाठी लागू लागली ती १९७० नंतर. त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या एका स्पर्धेत पुरुष विजेत्याला साडेबारा हजार डॉलर आणि महिला विजेतीला दीड हजार, असा मामला होता. बिली जीन किंगसह नऊ जणींनी ह्यूस्टनमध्ये एकेका डॉलरचा करार करून वेगळी चूल मांडली. १९७३ मध्ये खेळाडूंची संघटना, डब्ल्यूटीए, उभी राहिली. स्पर्धा वाढल्या, बक्षिसं वाढली, आणि प्रवेश कोणाला द्यायचा हा प्रश्न आला. तोवर आयोजकाची मर्जी चाले. त्याला जी आवडेल, जिच्यामुळे तिकिटं खपतील, तिला बोलावणं. ३ नोव्हेंबर १९७५ ला संगणकाने काढलेली पहिली क्रमवारी आली, अव्वल ख्रिस एव्हर्ट. प्रेक्षक आज ज्या आकड्यांवरून हमरीतुमरीवर येतात, ते मुळात वशिल्यावरचा उतारा म्हणून आले होते. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

संगणक निष्पक्ष असला तरी विसराळू निघाला. १९७६ मध्ये दोन आठवडे ऑस्ट्रेलियाची इव्हॉन गुलागाँग एव्हर्टच्या पुढे होती, पण नोंदी अपुऱ्या राहिल्याने ते तेव्हा कोणाला कळलंच नाही. जुने कागद सापडले आणि डिसेंबर २००७ मध्ये, ३१ वर्षांनी, तिला अव्वल म्हणून मान्यता मिळाली.

क्रमवारीच्या शिखरावर कोण, याचं वेड किती टोकाला जाऊ शकतं, हे १९९३ मध्ये दिसलं. ३० एप्रिलला हॅम्बुर्गमध्ये अव्वल असलेली, १९ वर्षांची मोनिका सेलेस ६-४, ४-३ अशी पुढे होती. बाजू बदलताना ती खुर्चीत बसली आणि मागून एकाने तिच्या पाठीत सुरी खुपसली. त्याला स्टेफी ग्राफ पुन्हा पहिल्या क्रमांकावर हवी होती. जूनमध्ये ग्राफ अव्वल झालीही. हल्लेखोराला तुरुंगवासाची शिक्षा भोगावी लागली नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये सेलेस परतली तेव्हा डब्ल्यूटीएने तिला ग्राफच्या जोडीने अव्वल ठरवलं, आणि परतल्यावर तिने टोरांटोची पहिलीच स्पर्धा जिंकली. जर्मनीत मात्र ती पुन्हा कधी खेळली नाही.

आधी क्रमवारी सरासरीवर निघे, म्हणजे कमावलेले गुण भागिले खेळलेल्या स्पर्धा. १९९७ पासून बेरीज आली, आणि जास्त खेळणारीचा फायदा होऊ लागला. त्यातूनच ‘ग्रँडस्लॅम नाही, मग अव्वल कशी?’ हा वाद जन्माला आला. यांकोविच, साफिना, वोझ्नियाकी, तिघींना तो चिकटला. २००९ मध्ये दोन ग्रँडस्लॅम जिंकूनही सेरेना दुसरी आणि साफिना पहिली होती. विम्बल्डन जिंकल्यावर सेरेनाने, साफिना रोम आणि माद्रिद जिंकून अव्वल झाली, छान झालं, अशा अर्थाचा टोमणा मारला. वोझ्नियाकीने २०१८ ला मेलबर्नमध्ये ऋण फेडलं. साफिनाला ते जमलं नाही.

त्याच २०१८ मध्ये बाळंतपणानंतर क्रमवारीत १८३ वर घसरलेल्या सेरेनाला विम्बल्डनने २५ वं मानांकन दिलं, आणि त्यामुळे ३२ व्या क्रमांकाची डोमिनिका सिबुलकोवा मानांकनातून बाहेर पडली. तिने तक्रारही केली. सेरेना अंतिम सामन्यापर्यंत गेली, समिती बरोबर! सिबुलकोवा बिगरमानांकित असूनही उपांत्यपूर्व फेरीत पोचली, म्हणजे तीही बरोबर.

आपल्याकडे या वादाची चव बराच काळ सानिया मिर्झापुरती होती. फोरहँड जबरदस्त, पण दुसऱ्या सर्व्हिसचं काय? २००७ मध्ये ती २७ वी झाली तेव्हाही हा प्रश्न सुटला नव्हता. खरं तर पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांना फॉर्म ओळखायची नामी संधी मिळून गेली आहे. २०१२ मध्ये पुण्यातली स्पर्धा १८ वर्षांच्या एलिना स्वितोलिनाने जिंकली, २०१७ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर १९ वर्षांची आरिना सबालेंका. पुढे पहिली जगात तिसरी झाली आणि दुसरी पहिली. तेव्हा गॅलरीत बसून ‘ही पुढे जाणार’ असं म्हणालो होतो, असं सांगणारे आता मात्र पुष्कळ भेटतात.

आता बुद्धिबळातून आलेली एलो पद्धतही दिमतीला आहे. कोणाला हरवलंस यावर ती गुण देते, कोर्ट मातीचं की गवताचं हेही वेगळं धरता येतं. अधिकृत क्रमवारी एक म्हणते, एलो दुसरं, आणि शौकिनांना आपल्या सोयीचा आकडा उचलता येतो. पण अधिकृत क्रमवारीतला बावन्न आठवड्यांचा नियम, म्हणजे वर्ष उलटलं की जुने गुण गळणार, सगळ्यांना पुरून उरतो. एम्मा रादुकानूने २०२१ ची यूएस ओपन पात्रता फेरीतून येऊन, दहा सामन्यांत एकही सेट न गमावता जिंकली. त्याआधी ती दीडशेवी होती. पुढच्या वर्षी ती न्यूयॉर्कला अकराव्या क्रमांकाने आली, पहिल्याच फेरीत आलिझे कॉर्नेकडून हरली आणि जुने २०४० गुण एका संध्याकाळी उडून गेले. नवी यादी आली तेव्हा ती ८३ वी होती. ती अकरावी होती तेव्हा तिचा खेळ खरंच अकराव्या क्रमांकाचा होता का, याचं उत्तर तिच्या चाहत्यांकडे एक आहे आणि इतरांकडे दुसरं.