ओट्याचा ग्रॅनाइट आणि वेरूळचा बेसाल्ट: फरक कसा ओळखाल?
ओट्यावरचा ग्रॅनाइट आणि वेरूळचं कैलास लेणं ज्यात कोरलंय तो बेसाल्ट, दोन्ही अग्निजन्य खडक. मग ग्रॅनाइटचे दाणे ठळक आणि बेसाल्टचे नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत, असं का?

ग्रॅनाइटचा शिलारस जमिनीखाली खोलवर अडकला आणि हजारो-लाखो वर्षं निवत राहिला. स्फटिकांना वाढायला सवड मिळाली. हा अंतर्निर्मित खडक. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून बाहेर आला आणि त्या मानाने झटपट थिजला. हा बहिर्निर्मित. अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकंही त्यात सापडतात.

रंगावर मात्र जाऊ नका. बाजारातला ‘काळा ग्रॅनाइट’ अनेकदा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो! अर्थात, तोही जमिनीखालीच थिजलेला.