यंत्राचा ठेका आणि आपली सम



गेल्या संक्रांतीला आमच्या गटाच्या हळदीकुंकवात फजिती झाली. भाड्यानं कीबोर्ड आणला होता, वाजवणारा मुलगाही आला होता. त्यानं बटण दाबलं, ठेका सुरू झाला. आमच्या मावशींनी गवळण धरली. मावशींची सवय अशी, की मध्येच थांबून दोन शब्द सांगायचे आणि मग धृपदावर यायचं. ढोलकीवाल्या काकू एरवी त्यांच्या तोंडाकडे बघून थांबतात. यंत्र कुणाच्या तोंडाकडे बघणार? मावशी परत आल्या तोवर सम निघून गेली होती.

आता गटापुढे प्रश्न आहे, बचतीतून कीबोर्ड घ्यायचा का? आणि घेतला तर ढोलकीवाल्या काकूंनी घरी बसायचं का? मी काही गाणारी नाही. पण बी.ए.ला इतिहास होता, म्हणून हे यंत्र आलं कुठून ते शोधत गेले.

किल्लीची वाजणारी डबी पाहिलीय ना? आत एक नळकांडं, त्यावर बारीक खिळे. नळकांडं फिरतं, खिळा पट्टीला लागतो, सूर निघतो. खिळे जिथे ठोकले तिथलंच गाणं, दुसरं नाही.

पुढची गोष्ट अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोची. १९६०च्या दशकात तिथले मॉर्टन सबॉटनिक आणि रेमन सेंडर हे संगीतकार टेप कापून, तुकडे चिकटवून संगीत करायचे. किती वेळखाऊ काम! म्हणून त्यांनी डॉन बुकला यांच्याकडून एक वाद्य बनवून घेतलं. त्यासाठी रॉकफेलर फाउंडेशनच्या अनुदानातले ५०० डॉलर मिळाले होते. (हिशोब मी पहिला बघते, सवय आहे.) त्या वाद्यात एक भाग होता सिक्वेन्सर. रांगोळीच्या ठिपक्यांसारखी एक ओळ, प्रत्येक ठिपक्याला एक खुंटी. खुंटी फिरवून त्या ठिपक्याचा सूर ठरवायचा. मग विजेचा एक ठोका आला की यंत्र एक ठिपका पुढे सरकतं. शेवटच्या ठिपक्यावरून परत पहिल्यावर.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. तो ठोका द्यायचा कुणी? घड्याळासारखा एक भाग तो आपोआप देऊ शकतो. पण बुकलांच्या वाद्यात बोटानं स्पर्श करायच्या पट्ट्याही होत्या. पट्टीला बोट लावा, ठोका जातो. आपल्या शिलाई मशीनचं बघा. मोटर लावली की टाके धावतात. पण गळ्याच्या वळणावर आपण मोटर सोडतो आणि चाक हातानं फिरवतो, एकेक टाका. मशीन तेच. या ठोक्याला ट्रिगर म्हणतात.

सुझान चियानी नावाच्या बाईंनी हे वाद्य लोकांसमोर वाजवलं. आधी त्या बुकलांच्याच कारखान्यात सोल्डरिंग करायच्या. १९७५ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे कार्यक्रम झाले. सुरांच्या ओळी आधी भरलेल्या, पण कोणती ओळ कधी सोडायची, कधी वळवायची, ते त्या तिथल्या तिथे हातानं ठरवत.

पुढे जपानच्या रोलँड कंपनीनं हे स्वस्त आणि लहान केलं. १९८० मध्ये त्यांचं टीआर-८०८ हे तालयंत्र आलं, त्यावर १६ बटणांची रांग. आपल्या तीनतालाच्या मात्राही १६! दादऱ्यासारखा ६ मात्रांचा ताल असेल तर रांग १२ वर तोडायची, म्हणजे दोन आवर्तनं बसतात. १९८२च्या एसएच-१०१ मध्ये १०० पावलांपर्यंत सूर भरता येत, आणि बाहेरून आलेल्या प्रत्येक ठोक्याला ते एक पाऊल पुढे जाई.

त्याच १९८२ मध्ये मुंबईत, हिंदी सिनेमासाठी वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी रोलँडची यंत्रं जोडून दहा रागांची तबकडी केली. ठेका आणि खालचा सूर यंत्रात भरला, आणि यमन, मालकंस हे राग वरून स्वतःच्या हातानं वाजवले. तेव्हा ती फारशी खपली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभर नाव झालं, आणि सत्तरी ओलांडलेले चरणजितजी युरोपात जाऊन कार्यक्रम करून आले.

हे वाचल्यावर मी त्या कीबोर्डवाल्या मुलाला गाठलं. म्हटलं, तुझ्या पेटीत हातानं ठोका द्यायची सोय आहे का? तो म्हणाला, "ताई, सिंक्रो स्टार्ट आहे. पट्टी दाबली की ठेका तिथूनच सुरू होतो. पण मला कुणी सांगितलंच नाही की मावशी मध्ये थांबतात."

गुरुवारी भजनाच्या वेळी करून पाहिलं. मावशी थांबल्या, त्यानं ठेका बंद केला. मावशी बोलल्या, हसल्या, धृपदाकडे वळल्या. मुलाला कळेना कधी पट्टी दाबायची. ढोलकीवाल्या काकूंनी मान हलवली, थाप दिली, तेव्हा त्यानं दाबली आणि बरोबर समेवर आला.

ठराव अजून झालेला नाही. येत्या बैठकीला त्या मुलाला आणि काकूंना, दोघांनाही बोलावलं आहे.